बोटीच्या इंजिनाच्या बझरची तार कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की तहसीलच्या आवारातल्या आणि गोदामांतल्या बोटी बाहेर निघतात. वैनगंगेच्या खोऱ्यात डोंग्यांच्या जोडीला आता मागे इंजिन लावलेल्या फायबरच्या आणि रबरी बोटी आल्या आहेत. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात त्या मासेमारीसाठी फिरतात, रामटेकजवळ खिंडसीला पर्यटकांसाठी असतात, आणि पुरात माणसे काढायला प्रशासन त्याच वापरते. यांतल्या कित्येक इंजिनांचे झाकण उघडले की एकच गोष्ट दिसते : धोक्याची सूचना देणाऱ्या बझरची तार कापलेली असते, किंवा जोडणी उपसून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले. ‘सारखा वाजतो, पण इंजिन तर चालते ना.’

इंजिन चालते ते थोडाच वेळ. त्या थोड्या वेळात पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि काही शे रुपयांच्या रबरी भागासाठी पूर्ण इंजिन खोलावे लागते. पुराच्या धारेत हे झाले तर प्रश्न पैशाचा राहत नाही. म्हणून बझर नेमका कशासाठी वाजतो, वाजला की काय करायचे आणि दोष कुठून शोधत जायचा, हे आपल्या वाचकांपर्यंत पोचवावे ही विनंती.

बझर वाजण्याची दोन कारणे गंभीर असतात. एक, इंजिन तापले. दुसरे, तेलाचा दाब पडला. हे फोर-स्ट्रोक इंजिनात. ज्या टू-स्ट्रोकमध्ये तेलाची वेगळी टाकी असते तिथे टाकीतले तेल तळाला गेल्यावरही तो वाजतो. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या साध्या टू-स्ट्रोकला तेलाची सूचना नसतेच. तिथे बझर असलाच तर तो तापण्यासाठी. नव्या मोठ्या इंजिनांत बॅटरी उतरली, पेट्रोलच्या फिल्टरमध्ये पाणी साचले किंवा फेरे मर्यादेबाहेर गेले तरी तो वाजू शकतो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या अगदी लहान इंजिनांना बहुधा बझर नसतो, तिथे पाण्याच्या धारेवर नजर ठेवणे हाच बझर.

सलग वाजणे, थांबून थांबून वाजणे, किती टोले, याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एका इंजिनाची सवय दुसऱ्याला लावू नये. पुस्तिकेतले ते एक पान मराठीत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून चालकाच्या बाकाजवळ चिकटवावे. पुस्तिका कपाटात आणि बोट नदीत असेल तर तिचा उपयोग शून्य.

तापल्यावर किंवा तेलाचा दाब पडल्यावर बरीच इंजिने आपोआप फेरे कमी करतात, मिनिटाला साधारण २००० च्या आसपास आणून ठेवतात. इथेच मोठी चूक होते. ‘इंजिन दम सोडते’ असे समजून चालक थ्रॉटल आणखी पिळतो. ते दमलेले नसते, स्वतःला वाचवत असते.

वाहत्या पाण्यात बझर वाजला तर पहिले काम थ्रॉटल खाली आणणे. पसारा जवळ असेल, म्हणजे पूल, विजेचा खांब, बुडितातली झाडांची खोडे, तर आधी मंद गतीने मोकळ्या पाण्यात निघावे. मग नांगर टाकावा, आणि तो नेहमी पुढच्या टोकाकडून. मागच्या बाजूने नांगर टाकला तर धारेत मागची फळी दबते, पाणी आत येते आणि बोट उलटायला वेळ लागत नाही. दोरी खोलीच्या किमान पाच-सात पट हवी. तीन मीटर पाणी असेल तर पंधरा ते एकवीस मीटर. बोटीत वल्ही नसतील तर इंजिन कितीही चांगले असले तरी ती पुरात नेऊ नये.

नांगर धरला की इंजिन न्यूट्रलमध्ये घेऊन मागे पाहावे. इंजिनाच्या बाजूच्या लहान भोकातून पाण्याची धार पडते आहे का? धार नसेल, किंवा थेंब थेंब असेल, तर इंजिन लगेच बंद. धार चांगली असूनही फोर-स्ट्रोकचा बझर सुरूच असेल तर तेलाचा संशय घ्यावा, आणि तरीही लगेच बंद. तेलाच्या दाबाशिवाय फोर-स्ट्रोक चालवत किनारा गाठू असे कोणी म्हणेल तर ऐकू नये. बेअरिंग तेवढा वेळ देत नाहीत. तापलेल्या इंजिनावर बादलीने थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. झाकण काढून पंधरा-वीस मिनिटे वारा लागू द्यावा आणि तोवर इंजिन वर उचलून खालचा भाग पाहावा.

आपल्याकडच्या पाण्यात तापण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. ही इंजिने नदीचेच पाणी ओढून थंड होतात. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वर, गिअरच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आत घेण्याच्या जाळ्या असतात. पुरात वाहून येणारी तणस, पऱ्हाटीच्या काड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खताच्या पोत्यांचे धागे आणि जलपर्णीची मुळे त्या जाळ्यांना घट्ट बसतात. जलपर्णी असलेल्या पट्ट्यातून जाताना दर काही मिनिटांनी न्यूट्रल करून क्षणभर मागे घ्यावे, म्हणजे अडकलेले बरेचसे सुटते. उरलेले हाताने काढावे, पण इंजिन बंद करून आणि इंजिन बंद पाडणाऱ्या किल-स्विचची दोरी काढूनच. पंखा फिरत असताना हात घालण्याची चूक दुसऱ्यांदा करता येत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा त्रास वेगळा. काठाजवळ उथळ पाण्यात पंखा रेती आणि गाळ उधळतो, तो जाळीतून आत जातो, पंपाच्या रबरी पात्यांना घासतो आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत तळाशी बसतो. उथळात इंजिन थोडे वर उचलून चालवतात ते बरोबर, पण जाळी पाण्याखालीच राहिली पाहिजे. ती हवेत आली की पंप कोरडा फिरतो.

जाळी हवेत येण्याची आणखी दोन कारणे आहेत आणि त्यांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे वरून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, साधारणपणे १५ इंची किंवा २० इंची असतो. गावात बांधलेल्या लाकडी बोटीची मागची फळी उंच असेल आणि तिच्यावर १५ इंची इंजिन लावले, तर वेग घेताच पंप हवा ओढतो आणि बझर वाजतो. मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) बदलतो, इंपेलर (पंपातले रबरी चाक) बदलतो, बझर तसाच. दोष फळीच्या उंचीत असतो. इंजिन सरळ उभे असताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा इंचभर खाली असावी. दुसरे कारण माणसांचे वजन. पुरातून काढलेली माणसे घाबरून पुढच्या बाजूला गोळा होतात, मागची बाजू उचलली जाते, पंखा हवा धरतो, फेरे एकदम चढतात आणि पंपाला पाणी मिळत नाही. अशा वेळी इंजिनात दोष शोधू नये, माणसांना मधोमध खाली बसवावे.

जाळ्या साफ आहेत, बोट समतोल आहे, तरी धार नाही. आता धारेच्या भोकाकडे पाहावे. आठ महिने गोदामात पडलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारमाशी चिखलाचे घर करते. पाणी आत व्यवस्थित फिरत असते, बाहेर दिसत नाही एवढेच. बारीक, न टोचणारी तार किंवा तंगुसाचा जाड तुकडा आत सरकवून भोक मोकळे करावे. एक लक्षात असावे, धार दिसते म्हणजे सगळे ठीक असेही नाही. पंप पाणी देत असतो आणि थर्मोस्टॅट अडकलेला असतो, असेही होते. धारेला हात लावून पाहावा. सुरुवातीला गार, मग कोमट होऊन तशीच राहिली तर चांगले. चटका बसेल इतकी गरम झाली किंवा वाफ आली तर पाणी कमी पडते आहे.

पंपातला इंपेलर हा या सगळ्याचा जीव आहे. रबराचे चाक, त्याला वाकलेली पाती, आणि ते पाण्यानेच वंगण घेते. कोरडे फिरवले तर काही सेकंदांत पाती जळू लागतात. काठावर ‘सुरू होते का’ पाहायला बिनपाण्याचे इंजिन चालवण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. वर्षभर उभ्या असलेल्या इंजिनात पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. आपल्या रेतीच्या पाण्यात इंपेलर दरवर्षी पावसाळ्याआधी बदलावा, इंजिन चालले असो वा नसो.

काम अवघड नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, प्लगच्या टोप्या काढलेल्या, मग खालच्या भागाचे बोल्ट सोडायचे. बऱ्याच इंजिनांत एक बोल्ट पंख्यावरच्या लहान पात्याखाली लपलेला असतो. तो राहिला की लोक हातोडा घेतात आणि कास्टिंग फुटते. गिअरची दांडी सोडवून खालचा भाग सरळ खाली ओढावा. पंपाचे घर उघडल्यावर शाफ्टच्या खाचेतली लहान चावी गवतात पडू देऊ नये, खाली कापड अंथरावे. जुन्या इंपेलरची पाती मोजावीत. एक जरी तुटलेली असेल तर तिचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत गेलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय नवा इंपेलर घालून उपयोग नाही. महिनाभराने तोच बझर पुन्हा वाजतो. पंपाखालची स्टीलची पट्टी नखाने चाचपावी, नख अडकेल इतक्या रेघा असतील तर तीही बदलावी. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करावा आणि शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली बसवावे, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. गॅस्केट नवे. पाण्याची नळी वरच्या रबरात नीट शिरली नाही तर सगळी मेहनत वाया जाते, बोल्ट आवळण्याआधी ती पाहावी.

थर्मोस्टॅट तपासायला घरचे पातेले पुरते. तो दोऱ्याने लटकवून पाण्यात सोडावा, सोबत थर्मामीटर, आणि पाणी हळूहळू तापवावे. बहुतेक बोटींच्या इंजिनांचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडू लागतो. नेमका आकडा त्याच्यावर छापलेला किंवा पुस्तिकेत असतो. पाणी उकळले तरी उघडला नाही तर बदलावा. तो काढूनच टाकण्याचा जुगाड आपल्याकडे फार चालतो. इंजिन मग कायम थंड चालते, प्लग काळे होतात, फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि काही महिन्यांनी बझर तेलासाठी वाजू लागतो. थर्मोस्टॅट बाहेर असतानाच त्या जागेतून साध्या नळाच्या दाबाने पाणी उलटे सोडावे. खालून लाल-काळा गाळ निघतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत राहावे.

तेलाची सूचना आली तर इंजिन सरळ उभे करून पाच मिनिटांनी तेल मोजण्याची कांडी पाहावी. तेल कमी असेल तर उघड आहे. तेल खुणेपेक्षा जास्त आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालेले आहे. मासेमारीची जाळी टाकताना तासन् तास अगदी मंद चालणाऱ्या इंजिनांत हे नेहमी होते. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, इंजिन सुरूच करू नये. पातळ झालेल्या तेलात नवे ओतून भागत नाही, सगळे काढावे आणि फिल्टरही बदलावा. फोर-स्ट्रोकला एफसी-डब्ल्यू छापाचे १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० तेल, पुस्तिकेत सांगितले असेल ते. टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ छापाचे, मोटारसायकलचे टू-टी नव्हे. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते. ५० ला १ प्रमाण असेल तर दहा लिटर पेट्रोलला २०० मिली. ‘जास्त घातले तर चांगलेच’ असे नाही. जास्त तेलाने प्लग काळे पडतात आणि नेमक्या वेळी इंजिन सुरू होत नाही.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. अर्धी भरलेली टाकी पावसाळी हवेत महिनोन् महिने ठेवली तर तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळे साचते. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, नव्या हंगामाला नवे पेट्रोल घालावे. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. त्यापेक्षा कमी असेल तर आधी टोकांवरचा पांढरा थर घासावा, बरेचदा तेवढ्यानेच बझर थांबतो.

आता बझरचीच परीक्षा. अनेक इंजिनांत चावी फिरवताच तो एक लहान टोला देतो, ती त्याची स्वतःची तपासणी. तो टोला आला नाही तर फ्यूज आणि बझर पाहावा. जुन्या, साध्या स्विचच्या इंजिनांत सिलिंडर हेडवरच्या तापमान स्विचची तार काढून, चावी चालू ठेवून, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. बझर वाजला तर तारा आणि बझर ठीक. स्विच बाहेर काढून गरम पाण्यात मल्टिमीटर लावून त्याचीही खात्री होते. संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनांत हा प्रयोग करू नये, तिथे सेन्सर असतो आणि तो कंपनीच्या यंत्रावरच वाचावा. साध्या इंजिनांत मात्र तार टेकवून पाहणे हे फार तर दहा मिनिटांचे काम आहे.

कधी कधी बझर खरोखरच खोटा वाजतो, हे मान्य. तार घासून धातूला टेकलेली असते, स्विच बिघडलेला असतो. पण ते सिद्ध करण्याचा मार्ग मोजण्याचा आहे. सिलिंडर हेडवर तापमान मोजण्याची बंदूक धरली आणि आकडा साठ-सत्तर अंशांच्या आत राहिला, धार कोमट राहिली, तेलाचा दाब गेजने बरोबर आला, तरच स्विचला दोष द्यावा आणि स्विच बदलावा. तार कापणारा माणूस पुढच्या चालकाला काही सांगत नाही, आणि पुढचा चालक बझर वाजत नाही म्हणून निर्धास्त असतो. धोका सगळा तिथे आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरात मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी आले, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात पाणी शिरले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे वेढली गेली. अशा पुरात बोट तासभर नव्हे, दिवसभर चालवावी लागते, तणस आणि काड्यांनी भरलेल्या पाण्यात, माणसांनी भरलेली. तयारी त्या दिवसासाठी करायची असते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रशासनाच्या आणि संस्थांच्या प्रत्येक इंजिनाला एक वही असावी : किती तास चालले, इंपेलर कोणत्या तारखेला बदलला, बझर कोणी तपासला, त्याची सही. मे महिन्यात प्रत्येक इंजिन पाण्याच्या पिंपात, पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर पाणी ठेवून, पंखा काढून, दहा मिनिटे चालवून पाहावे. जास्त वेळ नको. पिंपातले पाणी स्वतःच तापते आणि बझर उगाच वाजतो. बोटीसोबत एक डबा असावा, त्यात इंपेलर त्याच्या चावीसह, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट, शिअर पिन (पंखा शाफ्टला धरून ठेवणारी, धक्का बसला की मुद्दाम तुटणारी खीळ), प्लग, फ्यूज, पेट्रोल फिल्टर, लिटरभर तेल, प्लग पाना, १० आणि १२ मिलिमीटरचे पाने, पक्कड. बुडितातल्या खोडांवर पंखा आपटला की शिअर पिन तुटते, आणि ती बदलता आली नाही म्हणून बोट वाहत जाते. पंख्यामागे तंगूस गुंडाळला गेला असेल तर पंखा काढून तो सोडवावा. तो शाफ्टचे सील कापतो, गिअरचे तेल दुधाळ होते, आणि त्यासाठी कोणताही बझर वाजत नाही.

जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम चालतो. त्यातच या इंजिनांचे आठवडाभराचे प्रात्यक्षिक जोडले, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बोट चालवणाऱ्या तरुणांना त्याला बसू दिले, तर नागपूरहून मेकॅनिक येण्याची वाट पाहत बोटी उभ्या राहणार नाहीत. यंदाच्या पावसाआधी निदान कापलेल्या तारा तरी जोडून घ्याव्यात.

आपले,
बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे काही मिस्त्री,
ता. पवनी, जि. भंडारा